दिपमालाचा आवाज

१ एप्रिल २०२५

आले बाई एकदाची सासरी. हळद उतरली नाही अजून, पण बॅग रिकामी केली आणि पहिली ही वही काढली. रावेरजवळचं हे घर म्हणजे चहूबाजूंनी केळीच केळी. बाहेर ऊन भाजून काढतंय आणि खिडकी उघडली की ओला गारवा येतो. शिरपूरला आमच्या पत्र्याच्या घरात एप्रिलमध्ये जीव नकोसा व्हायचा. इथे वरच्या मजल्यावरची खोली माझी आणि जितेंद्रची. सासरे चुडामण नाना कमी बोलतात, सासूबाई सुनंदाबाई हसून बोलतात, नणंद भूमिका तर आल्यापासून हात सोडायला तयार नाही. दुपारी भरीत आणि कळण्याची भाकरी केली होती, मी लाजबिज सोडून खाल्लं.

महिनाअखेरीला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. लग्नानंतरची पहिली, म्हणजे माझा धाकटा भाऊ अभिमन मला न्यायला येणार. आमच्याकडे त्याला मुऱ्हाई म्हणतात. निघताना आई रडत होती, तेव्हा मीच तिला म्हटलं की महिनाभराचा तर प्रश्न आहे, लगेच येतेच आहे मी.

३ एप्रिल

आज भूमिकाने माझ्या फोनमध्ये घरचं ॲप टाकून दिलं. 'आपलं घर' असं नाव. विहिरीची मोटर, दूधवाला, कोण शेतात, कोण घरात, सगळं त्यावर चालतं. फोनमधल्या ॲपच्या दुकानात ते मिळत नाही, एका फोनमधून दुसऱ्यात हातोहात द्यायचं. टाकताना फोनने लाल पाटी दाखवली की हे धोक्याचं असू शकतं. जितेंद्र म्हणाला, घाबरलीस का? मी, आणि घाबरू? शिरपूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये चार वर्षं पोरांना हेच सांगत आले की फोन तुमच्या पैशांचा, त्यात काय ठेवायचं ते तुम्ही ठरवा, कंपनी काय तुमची सासू लागते का! माझ्या एका विद्यार्थ्याने अहिराणी शब्दांचं ॲप केलं होतं, ते दुकानाने घेतलं नाही म्हणून आम्ही असंच वाटलं. काय छान होतं ते! सासूबाई समोरच उभ्या होत्या हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. त्या खळखळून हसल्या, वाचले मी.

मग ॲपने आवाज मागितला. नवी सून घरात नाव घेऊन येते, तसं यातही नाव घ्यायचं म्हणे. मी जितेंद्रचं नाव घेतलं. अजून हवं होतं. लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, आखाजीची गाणी म्हटली. भूमिका समोर बसून टाळ्या देत होती. घसा बसला पण मजा आली.

७ एप्रिल

एक गंमत लिहून ठेवते. या घरात कुणी कुणाला हाक मारत नाही. चौघं चार खोल्यांत बसून ॲपवर बोलतात. काल स्वयंपाकघरात नाना सासूबाईंशी कापणीच्या मजुरांबद्दल बोलत होते. मी पदर सावरून आत गेले, तर नाना कुठे? ओट्यावर नुसता फोन. नाना गच्चीवर झोपले होते.

सासूबाई म्हणाल्या की ते झोपले असले तरी त्यांचं उत्तर ॲप देतं, आणि ते देतील तेच देतं. मी विचारलं की हे केलंय कुणी? भूमिका म्हणाली दादाने आणलं. जितेंद्र म्हणाला आईकडे आधीपासून होतं. सासूबाई म्हणाल्या, बोदवडच्या पाहुण्यांनी दिलं बहुतेक. आणि नाना नुसते हसले.

११ एप्रिल

आईला फोन केला. म्हणाली, अगं आता कालच तर एवढं बोललीस, परत काय? मी काल फोन केला नव्हता. मी म्हणे तिला दुपारी सांगितलं की इथे फार सुख आहे, काळजी करू नको. मी हसून वेळ मारून नेली.

भूमिकाच असणार. पोरगी नकला छान करते, पण ही थट्टा मला अजिबात आवडलेली नाही. तिला धरून विचारलं तर डोळे मोठे करून म्हणते, वहिनी, मी तुझ्या आईशी कशाला बोलू? नंतर आत जाऊन सासूबाईंजवळ हळू आवाजात काहीतरी सांगत होती. मी गेले तशा दोघी केळीच्या भावाबद्दल बोलायला लागल्या.

१४ एप्रिल

ॲप काढायला बसले. निघत नाही. काढण्याचं बटण करडं पडलंय आणि खाली लिहिलंय, वडीलधाऱ्यांची परवानगी हवी. माझ्या फोनला नानांची परवानगी! तशीच खाली गेले. नाना म्हणाले, काही त्रास आहे का बेटा? त्रास नाही, फोन माझा आहे, म्हटलं. जितेंद्र टीव्हीवरून नजर न काढता म्हणाला की तूच तर म्हणत होतीस, काय ठेवायचं ते आपण ठरवायचं. मी म्हटलं, हो ना, आणि काय काढायचं तेही आपणच. तिथेच, त्यांच्यासमोर, फोन अख्खा पुसून कोरा केला. फोटो गेले, क्लासच्या पोरांचे नंबर गेले. जाऊ देत.

कुणी रागावलं नाही. सासूबाईंनी ताक आणून दिलं. म्हणाल्या, आता कशाला लागतोय तुझा फोन.

१५ एप्रिल

त्या वाक्याचा अर्थ आज कळला.

आईचा नंबर तोंडपाठ आहे, लावला. म्हटलं, आई, मी दिपू. पलीकडून आई परक्या बाईशी बोलावं तसं, कोण शे? म्हणाली, माझ्या पोरीने मला बजावलंय की हल्ली असे फोन येतात. कुणीतरी तिच्या आवाजात बोलेल, रडेल, घरी न्या म्हणेल, अजिबात भुलू नको.

मी शपथा घातल्या. तिने परीक्षा घेतली, नववीत काय चोरून खाल्लं होतंस? सांगितलं, मामाच्या घरची सांजोरी, आणि तू मला मारलं नव्हतंस, स्वतःच रडत बसली होतीस. आई म्हणाली की दिपूने हेही सांगितलं होतं, त्यांना सगळं ठाऊक असेल म्हणून.

फोन ठेवला तिने. माझ्या आईने माझा फोन ठेवला.

१९ एप्रिल

आईचा आणि अभिमनचा, दोन्ही नंबर लागत नाहीत. जितेंद्रने स्वतःचा फोन दिला, हसत. त्यावरूनही नाही.

आता घरात माझी गरजच नाही असं झालंय. सासूबाई ओट्यावरच्या फोनला विचारतात, दिपमाला, आमटीत कोकम घालू का? फोनमधून मी म्हणते, घाला की आई. आणि मी तिथेच, हातात कोकम घेऊन उभी. मोठ्याने म्हटलं, मी इकडे आहे! त्यांनी फोनचा आवाज कमी केला.

२३ एप्रिल

शेजारच्या बाईला कुंपणावरून सांगायला गेले. तिने पदराआडून फोन काढून कानाला लावला, ऐकलं, मान हलवली आणि आत निघून गेली.

निघून जावं का? बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्ता इथून पायी गाठता येतो, चोपड्यावरून शिरपूरची बस मिळते. कुणी अडवत नाहीये, खरं सांगायचं तर. पण पहिल्या आखाजीला पोरगी मुऱ्हाईशिवाय एकटी दारात आली की गल्ली काय म्हणते ते मी बघितलंय. भांडून आली, टाकून दिली. आईला वर्षभर मान वर करता येणार नाही. आणि त्यात आई मला ओळखतच नाही असं म्हणाली तर?

नाही. अभिमन येतोच आहे. तो डोळ्यांनी बघेल ना मला. आवाज चोरला असेल, तोंड कसं चोरतील? आठवडाच राहिला. थांबते.

२९ एप्रिल

गेला. अभिमन आला आणि गेला.

मला संध्याकाळी येणार सांगितलं होतं. दुपारी गाडी वाजली. धावले, तर खोलीला बाहेरून कडी. खिडकीतून दिसत होता. पांढरा शर्ट, घामाघूम. सासूबाईंनी गुळपाणी दिलं. नानांनी पाठीवर हात ठेवला. माझी बॅग त्याने डिकीत टाकली. मागच्या सीटवर कुणीतरी आधीच बसलं होतं. माझ्या हिरव्या साडीचा काठ दाराबाहेर आला होता, तो त्याने वाकून आत घेतला. अक्का, साडी अडकेल, म्हणाला.

मी जीव खाऊन ओरडले, अभिमन!

तो थबकला. वर नाही बघितलं. खिशातून फोन काढून बघितला. मग परत ठेवला आणि —

मीच मूर्ख. बस होती. रोज होती. कुणाच्या तोंडाला भ्याले मी —

सासूबाई म्हणाल्या कडी वाऱ्याने लागली असेल. वारा कुठे आहे —

३० एप्रिल, आखाजी

सगळे हॉलमध्ये फोन बघतायत. मी मागे उभी. शिरपूरचं आमचं अंगण. निंबाला झोका. झोक्यावर मी. गातेय. माझ्यापेक्षा चांगलं गातेय. आई किती खूश आहे, देवा, किती दिवसांनी अशी —

मग ती झोक्यावरून उतरली. आईचा जुना फोन घेतला. काहीतरी दाबलं. फोनवर लाल पाटी आली असेल, कारण आईने हात मागे घेतला. मी समजावलं. म्हणजे तिने. हसून समजावलं. आणि फोन आईच्या तोंडाजवळ धरला.

आई गाणं म्हणायला लागली.

आई नको. आई गप्प बस. मी स्क्रीनवर हात मारला, ओरडले. भूमिका म्हणाली, वहिनीचा आवाज किती स्पष्ट येतोय ना.

२ मे

अजून म्हणतेय. जितेंद्र सांगत होता, कुणाला तरी. आई दिवसभर ॲपला गोष्टी सांगते. बाबा गेल्याची. माझ्या जन्माची. मी अजून — बसने आजच — पण तिकडे ती आहे, मी कोण म्हणून —

४ मे

भर दुपार. घरात कुणी नाही. सगळ्या खोल्यांतून आवाज येतायत पण कुणी नाही.

गेटवर आई आहे.

म्हणजे हाक आहे. दिपू. मनं चुकनं बेटा. तुले लेवाले येल शे, चाल घर. न्यायला आलीय म्हणतेय.

खिडकीतून दिसत नाही कुणी. नुसतं ऊन. केळीची पानं. एकटी येणार नाही ती, एवढ्या लांब, तिला बस लागते. माहीत आहे मला. सगळं माहीत आहे.

रडतेय. आई रडतेय ती खोकल्यासारखी, तशीच.

ती नसेल तर ती आता कुठेच — आणि असेल तर उन्हात उभी आहे. अनवाणी आली असेल. मी नाही गेले तर ती परत —

चप्पल घातली. कळतंय मला. तरी घातली. आई, थांब, आले, आले मी, फक्त एकदा तोंड दाख—