हेमाच्या जागी दुसरी बाई, आणि तिच्या जागी हेमा

पेरुंगुडी, चेन्नई
शनिवार, १४ जून २०२५

आज सकाळी उठलो. पाणी आलं होतं, भरलं. बाजारातून श्रावणघेवडा आणि मोगऱ्याचा हातभर गजरा आणला. दुपारी वरणभात केला. ऊन फार होतं. चार वाजता हे पत्र लिहायला बसलो.

ती. शशिकला आक्का यांना,

दिनकरचा साष्टांग नमस्कार. आपला गुडघा आता जिना चढू देतो का? अण्णांचा खोकला उतरला असेल असं समजतो. मिरजेला पाऊस सुरू झाल्याचं आपल्या भाचीने, ऋजुताने कळवलं. इथे तो ऑक्टोबरात येतो, त्यामुळे आमच्याकडे सध्या फक्त घाम आहे.

सोमवारपासून आपण माझा फोन उचलत नाही, म्हणून पत्र लिहितो आहे. (आपला राग योग्य आहे. आपल्या जागी मी असतो तर मीही उचलला नसता.) हेमाच्या वर्षश्राद्धाला येणार नाही, असं आपण ऋजुताकडे बोललात. सख्खी बहीण आली नाही तर त्या दिवसाला काय अर्थ राहील? म्हणून घडलं ते सगळं लिहितो. मला लिहायची सवय नाही. गिंडीच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मी फक्त तपासणीचे अहवाल लिहिले, आणि त्यात ‘ठीक’ किंवा ‘परत पाठवा’ यापलीकडे काही लागत नसे.

सुरुवात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्रीवत्स यांच्यापासून झाली. एका तमिळ मालिकेला दोन दिवस ‘साधं, मध्यमवर्गीय, थोडं दुःखी’ घर हवं होतं. श्रीवत्सना माझं घर आठवलं. मी हो म्हणालो. घरात अकरा महिने कुकरशिवाय कोणी आवाज केला नव्हता, आणि हेमा असती तर तिने त्यांना आठवडाभर ठेवून घेतलं असतं.

आपल्याला माहीतच आहे, हेमाला मालिकेच्या गोष्टीत रस नव्हता. रस होता नट्यांत. पडद्यावर नवी बाई आली की भाजी निवडता निवडता ती सांगायची, ही दातांची डॉक्टर होती. ही रेल्वेकडून व्हॉलीबॉल खेळायची. हिची आई मैलापूरच्या देवळापाशी फुलं विकायची. ही विमानात चहा द्यायची. त्या पांढऱ्या साडीतल्या सासूला गणितात सुवर्णपदक होतं (आणि आता ती दुधात विष कालवत होती). ही माहिती तिला कुठून मिळे ते मी कधी विचारलं नाही. मी ‘हं’ म्हणायचो. आता टीव्ही लावला की त्या बाया नुसत्या रडतात. कोण कुठून आली, कळत नाही.

असो. गुरुवार-शुक्रवारी चित्रीकरण झालं. मी दोन्ही दिवस खाली श्रीवत्सांच्या कचेरीत बसून होतो. मालिकेतल्या नायकाची आई वारलेली आहे, म्हणून हॉलमधला हेमाचा फोटो उतरवून त्यांनी त्याच खिळ्याला त्या आईचा हार घातलेला फोटो लावला. हेमाचा फोटो टॉवेलात गुंडाळून पलंगावर ठेवला. इथपर्यंत सगळं रीतसर होतं. शुक्रवारी संध्याकाळी सामान भरताना मात्र जे गुंडाळलेलं ते आपलं आणि जे भिंतीवर ते घरमालकाचं, असा त्यांनी हिशेब लावला आणि गेले.

आता आपण विचाराल, मला दिसलं नाही का? आक्का, ही गोष्ट कोणाला सांगितलेली नाही. मी फोटोकडे बघत नाही. रोज सातला दिवा लावतो, गजरा घालतो, वाटीत दहीभात ठेवतो, पण नजर खिळ्याच्या खाली. बघितलं तर बोलावं लागेल, आणि बोलण्याचं खातं तिच्याकडे होतं. अशा तऱ्हेने शुक्र, शनि, रवि, सोम असे चार दिवस मी एका अनोळखी बाईला दहीभात वाढला.

सोमवारी आपला व्हिडिओ कॉल आला. माझ्या मागे भिंत, भिंतीवर फोटो, फोटोला ताजा मोगरा, पुढे समई. आपण विचारलंत, “दिनकरराव, ती मागे कोण बाई?” मी मागे न बघता म्हणालो, “कोण म्हणजे? हेमाच की.” आपण म्हणालात, “ती हेमा नाही.” त्यावर मी जे बोललो ते आपल्या कानात अजून असेल. “आक्का, वर्षाच्या आत बहिणीचा चेहरा विसरलात?” हे माझ्या आयुष्यातलं सर्वांत धीट वाक्य, आणि तेच चुकलं.

आपण फोन ठेवल्यावर मी वळून बघितलं. ठसठशीत कुंकू, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, आणि हसू असं की जणू दहीभात आवडला होता.

रात्रभर श्रीवत्स फोन करत राहिले, पण हेमा कुठे आहे ते मालिकावाल्यांत कोणालाच सांगता येईना. मंगळवारी सकाळी दहाला बेल वाजली. दार उघडलं तर भिंतीवरची बाई दारात उभी, जिवंत, घामाघूम, काखेत टॉवेलात गुंडाळलेला फोटो. मी एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. ती चपला काढून आत आली, स्वतःचा फोटो बघितला, समई बघितली, वाटी बघितली. म्हणाली, “मी अजून जित्ती आहें की हो. हार काढा आधी.”

मराठीच! पण तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला गेलेलं आणि तमिळच्या चालीवर हेलकावे खाणारं. पडद्यावरचं नाव त्रिपुरसुंदरी, घरचं सकवारबाई. मी हार काढला. “किती दिवस?” तिने विचारलं. चार, म्हणालो. “म्हणूनच! चार दिवस माझा घास घशात अडकतोय. कोण एवढी आठवण काढतंय म्हणून मी भावाला फोन करून शिव्या घातल्या.”

मग तिने सांगितलं ते असं. शनिवारी दुसऱ्या जागी टॉवेल सोडल्यावर आत हेमा निघाली. पण या मालिकांत एक वहिवाट आहे. नटी सोडून गेली की खाली पाटी येते, ‘हिच्याऐवजी आता ही’, आणि त्या क्षणापासून घरातले सगळे नव्या बाईलाच आई म्हणतात. त्यामुळे हेमाला बघून कोणी चकार शब्द काढला नाही. नायक तिच्यापुढे गुडघे टेकून दोन भाग रडला. कोणी फोन करून सकवारबाईंना ‘तुम्हाला बदललं का हो?’ विचारलं, तेव्हा तिला समजलं. “बावीस वर्षांत माझी जागा कोणी घेतली नाही. तुमच्या बाईने एक शब्द न बोलता घेतली. म्हणून आणून द्यायला मीच आले, बघू म्हटलं कोण आहे.”

मी तिला बस म्हणालो. ती बसली आणि सोमवारचा दहीभात मागितला (“माझ्याच नावाचा आहे ना?”). शिळा होता, म्हणून ताजा कालवला. खाताना तिने स्वतःचं सांगितलं. तंजावरच्या पोस्टातल्या कारकुनाची मुलगी. इथे एका दवाखान्यात नावं पुकारायची. तो आवाज ऐकून एका पेशंटने तिला स्टुडिओत नेलं. उत्तरेकडच्या नायिका इथे येऊन तमिळच्या जागी एक-दोन-तीन म्हणायच्या, मग डबिंगला त्यांच्या तोंडी हिचा आवाज. चौघींची लग्नं, दोघींची बाळंतपणं तिने माइकसमोर उभ्याने केली. पंचेचाळिसाव्या वर्षी चेहऱ्याला काम मिळालं ते आईचं, आणि आया लवकर मरतात. हा तिचा सहावा हार.

मग तिने विचारलं, “तुमची बाई कुठून आली?” अगदी हेमाच्या सुरात. आणि आक्का, मी बोललो. मिरजेच्या शाळेत गृहविज्ञान शिकवायची, भरतकामाला बक्षीस, तमिळ भाषा भाजीवालीकडून शिकली, इथल्या गल्लीतल्या अठरा पोरींना पुरणपोळी लाटायला लावली. दीड तास बोललो. चौतीस वर्षांत मिळून एवढं बोललो नसेन. ती उठताना म्हणाली, “शाळा, मग स्वयंपाकघर, मग भिंत, मग सीरियल. माझ्यापेक्षा जवळचा रस्ता.”

हेमा आता परत त्याच खिळ्यावर आहे. तर रागावू नका आणि वर्षश्राद्धाला अवश्य या. आषाढ शुद्ध सप्तमी, २ जुलै. ऋजुता सिरुसेरीहून गाडी घेऊन स्टेशनवर येईल. अण्णांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
दिनकर

ता. क. १. येताना एक वस्तू आणावी. शाळेच्या गॅदरिंगमधला हेमाचा फोटो आपल्या कपाटात आहे, ज्यात ती मिशी लावून सेनापती झाली होती. मालिकेत आता नायकाची आई म्हणून हेमाच राहणार आहे, आणि त्यांना तिच्या तरुणपणाचा फोटो हवा आहे. हा खरा निरोप होता, पण राग जायच्या आधी लिहायला धीर झाला नाही.

ता. क. २. आपण त्यांना परवानगी कशी दिली असं विचारू नये. बुधवारी सही केली. मूळ फोटो घरीच राहील, त्यांनी नक्कल काढून घेतली आहे. पाटीवर तिचं नाव येणार आहे, पूर्ण, माहेरच्या नावासकट.

ता. क. ३. त्या गॅदरिंगच्या फोटोत शेजारी आपण दासी म्हणून उभ्या आहात. कापायचं का, असं त्यांनी विचारलं. मी नको म्हणालो. मात्र आपण हयात आहात, आपल्या बाजूला हार पडू देऊ नये, हे त्यांच्याकडून लेखी घेतलं आहे.

ता. क. ४. साडेसात झाले. मालिका लागली. त्यात नवी सून आली आहे, ती नटी आधी बँकेत होती, हे मी श्रीवत्सांच्या बायकोकडून काढलं. आत्ताच फोटोकडे बघून मोठ्याने सांगितलं. पलीकडून ‘हं’ सुद्धा नाही. घेवडा निवडायचा आहे, परात पुढे ओढतो.