कठड्याचे बारा स्क्रू

दि. ४ मार्च

चि. खुंटी हिस अनेक आशीर्वाद.

फोन सोडून पत्र कशाला, असं विचारशील. फोन तू उचलत नाहीस म्हणून. आईचा उचलतेस, आणि मी मागे उभा आहे हे कळलं की "मशीन सुरू झालं" म्हणून ठेवून देतेस. खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या त्या कारखान्यात दर दहा मिनिटांनी कसलं मशीन सुरू होतं, देव जाणे. असो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी एकदा नजर जातेच.

इकडे सगळं ठीक. आईचा गुडघा कुरकुरतो आणि ती माझ्यावर कुरकुरते. वर्कशॉपचं छप्पर जिथे गळायचं तिथेच गळतंय. करवतीचा पट्टा बदलला. तुझा ॲप्रन खुंटीला आहे तसाच आहे, त्याला कुणी हात लावलेला नाही.

एक कामाचं विचारायचं होतं. या स्क्रूंनी माझा जीव नकोसा केलाय बघ. एका बाईंच्या घरामागचं काम आहे, उघड्यावरचं, ऊन-पाऊस खाणारं. लाकूड कुजू नये म्हणून औषध पाजलेलं, तेच हिरवट. हार्डवेअरवाल्या लंबूकडे गेलो. म्हटलं, बाहेरच्या कामाचे कोटिंगवाले स्क्रू दे. त्याने काळे काढून दिले. म्हणे, "काळा रंग म्हणजे कोटिंगच की मिस्त्री." घेतले. पहिल्या अर्ध्या तासात पाच डोकी तुटली. कट्, कट्, कट्. धड आत नाही, धड बाहेर नाही, आता चिमट्याने उपसत बसा! ते घरातल्या छताच्या जिप्सम बोर्डांचे, हलक्या कामाचे, हे मला नंतर डब्यावर वाचून कळलं. परत गेलो तर पठ्ठ्या म्हणतो, "मग हे चकचकीत न्या, हे बाहेर चालतात." त्याला काय जातंय, तो तर गल्ल्यामागे पंख्याखाली बसलेला!

चकचकीत स्क्रूला ते लाकडातलं औषध खाऊन टाकतं, असं काहीतरी तू एकदा मला सांगत होतीस. चांगली अर्धा तास तावातावाने सांगत होतीस. मी चहा पीत होतो. "बरं बाई, बरं" म्हणालो आणि कप धुवायला ठेवला. आता आठवायला बसलो तर चहाच आठवतो.

भिंतीवर तू तक्ता लिहिला होतास, कुठल्या लाकडाला कुठला स्क्रू, त्याचा. त्यावर रंग लागला. भिंतीला रंग द्यायचाच होता. तुझी आई म्हणते, चार भिंती सोडून तेवढ्याच हातभर जागेला कसा काय रंग द्यायचा होता. तिला काय, तिला बोलायला निमित्त हवं असतं.

तर, कुठले घ्यायचे, किती लांब, आणि भोक कसं पाडायचं, एवढं कळव. बाकी काही लिहावंसं वाटत नसेल तर लिहू नकोस.

तुझे बाबा


दि. १९ मार्च

चि. खुंटी,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, औषधाच्या बाटलीवरची सूचना ती! ना नमस्कार, ना ख्यालीखुशाली. सात ओळी. औषध पाजलेल्या लाकडासाठी असं डब्यावर स्पष्ट छापलेलं असेल तेच घ्या. फळीच्या जाडीच्या अडीचपट लांब. समुद्र जवळ असेल तर कोटिंगच्या भानगडीत न पडता सरळ स्टेनलेस. आधी बारीक भोक पाडा. मशीनच्या टोकाचा बिट स्क्रूच्या खाचेत घट्ट बसला पाहिजे. मशीन सावकाश चालवा, डोकं फळीच्या पातळीला आलं की थांबा. इथवर सहा ओळी झाल्या.

आणि सातवी ओळ. "तरी दुसऱ्या कुणालातरी विचारून खात्री करून घ्या, माझ्या निवडीवर जाऊ नका."

ही काय भाषा झाली गं? मी ते पत्र टेबलावर आपटलं. आई धावत आली, तिला वाटलं बोट कापलं. डोकं असं फिरलं की रंधा घेऊन एक चांगली फळी उगाच पातळ करत सुटलो. वयाच्या सातव्या वर्षी माझ्या हातातली फळी हिसकावून "बाबा, हिला गाठ आहे, ही फुटणार" म्हणणारी पोरगी तू! लाकूडवाल्याला तोंडावर "हे ओलं आहे" सांगून गाडी परत पाठवणारी! आणि मला लिहितेस, माझ्या निवडीवर जाऊ नका.

गेलो तुझ्याच निवडीवर. लंबूकडे ते नव्हतेच, म्हणून दोन बस बदलून मोठ्या बाजारातून आणले, ते हिरव्या कोटिंगचे, चांदणीच्या खाचेचे. सांगितलंस तसं केलं. आधी भोक, मग स्क्रू. वेळ लागतो. माझ्यासारख्याच्या नाकी नऊ येतात, दर वेळी मशीनचा बिट बदला, भोक पाडा, पुन्हा बदला. पण बसतात असे की फळी आणि खांब एका झाडातून निघाल्यासारखे वाटतात. हे मी कबूल करतो.

आता, कुठल्या बाई, हे मी मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं. तू ओळखलं असशील. मास्तरीण बाई. त्यांच्या मागच्या दाराच्या पायऱ्या आणि कठडा. त्यांनी स्वतः बोलावलं. मी जाणार नव्हतो. कुठल्या तोंडाने जायचं? पण त्यांचा निरोप दोनदा आला, तेव्हा गेलो. पडून मोडलेलं मनगट जुळलंय, पण पूर्ण वळत नाही. किल्ली डाव्या हाताने फिरवतात. माझ्यासाठी चहा त्यांनीच आणला, डाव्या हाताने. मी कप पायरीवर ठेवला आणि मापाची टेप काढली.

त्या दिवशी मी जे बोललो त्यावरून तू गेलीस, हे मला ठाऊक आहे. पण खुंटे, मी खोटं काहीच बोललो नव्हतो. बाईंचा पुतण्या अंगावर आल्यासारखा ओरडत होता, "असले स्क्रू निवडले कुणी?" मी म्हणालो, "पोरीने निवडले." निवडले तूच होतेस ना? मग? त्यात खोटं काय होतं?

सगळं काम नव्याने करायचं म्हणून काल पायऱ्याही उघडल्या. तुझ्या पायऱ्या. एकेक स्क्रू उलटा फिरवून काढला. दीड वर्ष पाण्यापावसात काढलेले स्क्रू, हिरवेच्या हिरवे. आटे इतके स्वच्छ की बोट फिरवलं तर कापेल. एकाला गंज नाही. बाई वर उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "मग कठड्याचेच कसे गंजले हो, मिस्त्री? डबा तर एकच होता."

हात दुखतोय. बाकीचं नंतर लिहितो.

तुझे बाबा


दि. २२ मार्च

खुंटे,

हात दुखत नव्हता.

तीन दिवस कागद समोर घेऊन बसतोय. दोन फाडले. आता जे येईल ते सरळ लिहितो, मध्येच थांबलो तर पुन्हा व्हायचं नाही.

कठडा लावायचा होता त्या दुपारची गोष्ट. तुझा बिट झिजला होता, खाचेत घसरत होता. तू म्हणालीस, हा डोकी खराब करेल, कोटिंग उडवेल, मी नवा घेऊन येते. जाताना फाटकातून वळून म्हणालीस, "बाबा, मी येईपर्यंत कठड्याला हात लावू नका." मला रागच आला. चाळीस वर्षं मी लाकडात काढली, आणि ही पोर मला सांगते, हात लावू नका. आभाळ भरून आलं होतं. चार खांब, खांबाला तीन, सगळे मिळून बारा स्क्रू. म्हटलं, बारा स्क्रूंसाठी कसली वाट बघायची?

हातोडी घेतली. पाऊण स्क्रू ठोकून आत घातला आणि शेवटचे दोन फेरे तेवढे मशीनने दिले. बारावा होईपर्यंत पंधरा मिनिटं झाली नसतील. आमच्या पिढीतले सगळे असंच करत आले. माझ्या गुरूंनी मला असंच शिकवलं. घरातल्या चौकटीत, कोरड्या लाकडात ते निभावून जातं, वर्षानुवर्षं जातं. वरून बघणाऱ्याला कळतही नाही, डोकं कसं छान बसलेलं दिसतं. आत मात्र हातोडीने आटे लाकूड फाडत जातात, पकड राहत नाही, आणि कोटिंग सोलून निघतं. हे मला माहीत नव्हतं असं समजू नकोस. तू सांगितलं होतंस. मीच ते कानाआड केलं.

तू आलीस. डोक्यांवरून हात फिरवलास. आणि म्हणालीस, "छान बसलेत की, बाबा! भोकं पाडलीत ना?"

मी "हो" म्हणालो.

तिथे खोटं बोललो मी. पुतण्यासमोर नाही, तिथे. त्या एका "हो"वर तू विश्वास ठेवलास आणि पुढे दुसऱ्या कामाला लागलीस. बापाचा शब्द कोण तपासून बघतं?

ज्या सकाळी बाई पडल्या, त्या सकाळी निरोप आधी मला आला होता. तू अंघोळीला गेली होतीस. मी पोचलो तेव्हा कठडा गवतात आडवा पडला होता आणि स्क्रू इकडेतिकडे. उचलून पाहिले. गंजाने खाल्लेले, एका बाजूने कोटिंग पार सोललेलं, आटे चेपलेले. मला एका क्षणात कळलं. मी ते सगळे वेचून खिशात घातले. मग माणसं जमली, पुतण्या आला, तू आलीस ओल्या केसांनी धावत. आणि मी ते वाक्य बोललो. सगळं खरं, एकेक शब्द खरा, आणि त्याच्याइतकं घाणेरडं मी आयुष्यात काही बोललो नाही.

तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं, आता ही विचारणार, खिशात काय आहे? तुला संशयसुद्धा आला नाही. तू खाली मान घालून म्हणालीस, "हो. मीच निवडले." संध्याकाळी ड्रिल मशीन पुसून कपाटात ठेवलंस आणि आठवड्यात घर सोडलंस. लोक म्हणाले, पोरीबाळीचं काम नाही हे. मी तेही ऐकून घेतलं. मूग गिळून बसलो. पाच महिने! दर रात्री वाटायचं उद्या सांगू, आणि दर सकाळी वाटायचं, आता सांगून काय उपयोग, ती तर तिकडे रुळली. रुळली कसली! सातव्या ओळीत कळलं मला किती रुळलीस ते. तू अजून समजतेस की बाईंचा हात तू मोडलास.

बाईंना परवा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग शाळेत पोराला विचारावं तसं विचारलं, "मला सांगितलंत. तिला सांगितलंत का?" म्हटलं, लिहितोय. "मग लिहून झाल्याशिवाय माझ्या दारात येऊ नका. आणि कठडा तुम्ही लावायचा नाही." मी म्हटलं, "बाई, रागवा, पण कठड्याशिवाय तुम्ही चढउतार कशी करणार?" म्हणाल्या, "भिंत धरून."

तुझ्या आईला सांगितलं तेव्हा ती घड्या घालत होती. हातातली चादर तशीच ठेवली आणि उठून बाहेर गेली. दोन दिवस हेच चाललंय. जेवायला वाढते, ताट समोर ठेवते, आणि आत जाते. ओरडली असती तर बरं झालं असतं.

काल लंबूच्या दुकानातही सांगितलं, चारचौघांत, मोठ्याने. कारण "पोरीचं काम" हे शब्द तिथूनच गावभर झाले होते. आधी त्यांना गंमत वाटली. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. लंबू एवढंच म्हणाला, "मिस्त्री, बसा, पाणी प्या." मी बसलो नाही.

आता काय ते सांगतो. पायऱ्या परत जोडल्यात, खांब उभे आहेत, तू लिहिलंस तसेच भोकं पाडून लावलेत. वरची फळी रंधून, कडा गोल करून बाईंच्या मागच्या खोलीत भिंतीला टेकवलीय. बारा स्क्रू आणि नवा बिट शेजारी डब्यात आहेत. बाई म्हणतात, कठडा लावेल तर तीच, नाहीतर तो तसाच राहू दे. त्या हट्टी आहेत. पण सत्तरी उलटलेली बाई एका धड हाताने भिंत धरून उतरते, ते मला बघवत नाही.

मी तुला "ये" म्हणत नाही. तो हक्क मी घालवलाय. आलीस तरी त्या दिवशी मी तिकडे फिरकणार नाही, घरीही नको असेन तर वर्कशॉपात झोपेन. नाही आलीस तरी तक्रार करणार नाही. तुला या धंद्याचा कंटाळा आला असेल तर सोड. माझा कंटाळा आला असेल तर जरूर सोड. पण आपल्याला काम येत नाही, आपण चुकीचं निवडलं, अशी समजूत करून सोडू नकोस. तेवढं माझ्यासाठी नाही, तुझ्यासाठी कर.

सगळ्यांसमोर जे बोलायला हवं होतं, ते आता लिहून देतो. हा कागद कुणालाही दाखव, पुतण्याला दाखव, तुझ्या कारखान्यात दाखव. स्क्रू बरोबर होते. ठोकले मी. तू विचारलंस तेव्हा "हो" म्हणालो तो मी. बाईंचा हात माझ्यामुळे मोडला, आणि तुझं मनही.

तुझा अपराधी,
बाबा