सात आणि आठ नंबरच्या खाटा

४ फेब्रु. १९५३, बुधवार
निर्वासितांचा कॅम्प ५. निराधार बायकांच्या आमच्या आश्रमात आज कडाक्याची थंडी. बराकीत वारा कुठून शिरतो ते ती बांधणाऱ्या गोऱ्यांनाच ठाऊक. सातवर जमनाअम्मा, खोकला. आठवर पारपतीअम्मा, हृदय. दोघी सिंधमधल्या एकाच गावच्या. दिवसभर कुरकुर आणि संध्याकाळी एका ताटात जेवण. औषधाच्या वाट्या मीच भरते, खाटेच्या नंबरावरून. नऊ वर्षं नर्स आहे, हात आपोआप चालतो.

६ फेब्रु., शुक्र.
जमनाअम्माला सकाळचं औषध दिल्यापासून वांत्या. नाडी ४६. पुन्हा मोजली, ४६च. डॉक्टर कल्याणला, इथे सोमवारी येणार. माणसाबरोबर चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं: हृदयाचं औषध चुकून हिला गेलं का पाहा. सगळी औषधं बंद, पडून राहू द्या.

बाटल्या जागच्या जागी. मग खाली वाकून पाहिलं. सातखाली पारपतीअम्माची ट्रंक! बुधवारी दुपारीच दोघींनी खाटा बदलल्या. जमनाअम्माला आठजवळची उन्हाची खिडकी हवी होती, पारपतीअम्माने देऊन टाकली. म्हणजे हृदयाच्या औषधाचे पाच डोस जमनाअम्माला गेले. मी वाट्यांकडे बघत होते, तोंडांकडे नाही. दोघींच्या डोक्यावर सारखीच पांढरी ओढणी, असं स्वतःलाच सांगून पाहिलं. पटलं नाही. पारपतीअम्माची पावलं सुजलीत, तिला मी दोन दिवस खोकल्याचं पाजलं.

७, शनि.
जमनाअम्मा नाडी ५४. पेज पोटात राहिली. जिवात जीव आला.

पण मॅनेजरसाहेबांनी झाडणाऱ्या हौसाबाईला धरलं. म्हणे बाटल्या तिनेच इकडच्या तिकडे केल्या. सोमवारपासून येऊ नको. कात्रपहून पायी येते बिचारी. माझ्याकडे वळून म्हणाली, "बाय, मी बाटलीला हात पन लावला नाय. तू सांग ना त्यांना."

मी वाट्या धुवायला वळले. अंबरनाथला घरी आल्यावर आईने विचारलं, जेवत का नाहीस. पोट बिघडलंय म्हटलं. लाज वाटते स्वतःची.

८, रवि.
सुट्टी, तरी गेले. नाडी ६२. जमनाअम्माच्या उशाशी बसून सांगून टाकलं, चूक माझी होती. ती हसली.
"मालूम था, बेटी. मेरी दवा मीठी है. वो तो कडवी थी."
मग प्यायलीस कशाला, मी विचारलं.
"तू दे रही थी ना."

रडू आलं. बराच वेळ तिच्याच ओढणीला डोळे पुसत बसले. मग उठून रजिस्टरात लिहिलं: पाच डोस चुकीचे. देणारी मी. हौसाबाईचा संबंध नाही. सही केली. खाटांच्या नंबरांऐवजी नावांच्या चिठ्ठ्या बाटल्यांना चिकटवल्या. हौसाबाईला निरोप धाडला, उद्या ये, साहेबांशी मी बोलते.

डॉक्टर उद्या अकरा वाजता येतील, वाचतील. नोकरी राहते का बघू. आईला अजून सांगितलेलं नाही.

त्याआधी सकाळचे डोस आहेत. पारपतीअम्माला तिचं औषध मीच द्यायचं. वाटीत काय आहे ते ती बघणारसुद्धा नाही.