मला सोडून सगळ्यांना माहीत होतं

८ फेब्रुवारी १९८७, रविवार

वर्षभर मला बनवलं! माझ्याच घरात!

सर्दीची गोळी आणायला नाक्यावरच्या केमिस्टकडे गेलो होतो. त्याने ती दिली, वर आणखी दोन पट्ट्या पुढे सरकवल्या. "वहिनी दर महिन्याला नेतात त्या. संपल्या होत्या, आज आल्यात."

"कसल्या?"

"प्रेशरच्या. तुमच्याच नावाची चिठ्ठी आहे ना!"

तिथेच पट्टी फोडली. बारीक पांढरी गोळी, मधे रेघ. रोज सकाळी चहानंतर सुगंधा माझ्या हातावर ठेवते तीच! बाटलीतून काढून देते. बाटलीवर लिहिलंय व्हिटॅमिन.

पट्ट्या घरी आणून ओट्यावर ठेवल्या. बायको बघतच राहिली. मग पदराने हात पुसत खाली बसली. तेव्हाच कळलं, की खरं आहे.

९ फेब्रुवारी

सगळं ऐकलं. गेल्या जानेवारीत मला मलेरिया झाला तेव्हा डॉक्टरांनी प्रेशर बघितलं होतं. एकशे नव्वद, खालचं एकशे पंधरा. हिला बाहेर बोलावून सांगितलं. हिने चंदरला सांगितलं, गावी लवूदादाला पत्र टाकलं. मला नाही.

आता एकेक आठवतंय. माहेरच्या देवीला बोललेय, वर्षभर घरात मीठ बेताचं — म्हणाली होती. मी विश्वास ठेवला. लोणचं-पापड बंद. शिमग्याला गावी गेलो तर लवूदादा म्हणाला, "यंदा बांगडोच गावलो नाय रे, सुको खंयचो देव?" आणि मागच्या पडवीत सुक्या बांगड्यांचा वास येत होता!

आणि चंदर. एकवीस वर्षांचा घोडा. "बाबा, एकट्याला कंटाळा येतो, सकाळी चला ना फिरायला." मुलुंड कॉलनीच्या डोंगरापर्यंत रोज पाऊण तास. फॅक्टरीत सगळ्यांना सांगायचो, एवढा मोठा मुलगा, पण बापाशिवाय फिरायला जात नाही. किती फुशारकी मारली!

बिडीसुद्धा त्यानेच सोडवली. रडवेला होऊन सांगितलं, मला सिगारेट लागलीय बाबा, तुम्ही सोडलीत तर मीही सोडतो. मुलासाठी सोडली मी. दात-ओठ खाऊन सोडली. त्याला सिगारेट लागलेलीच नव्हती!

सुगंधाला म्हटलं, मी काय कुकुलं बाळ आहे?

"तुम्हीच म्हणाला होतात," ती म्हणाली. "मामंजींच्या बाराव्याला. सगळ्यांदेखत."

पुढे लिहवत नाही.

१० फेब्रुवारी

म्हणालो होतो. खोटं कशाला लिहू? वडिलांना डॉक्टरांनी सांगितलं, प्रेशरने हृदय मोठं झालंय, जपा. ते भिंतीकडे तोंड करून झोपले ते उठलेच नाहीत. तीन आठवड्यांत गेले. रोगाने कमी, धास्तीने जास्त. तेव्हा बोललो, मला कधी असलं काही सांगू नका.

पण सोळा वर्षं झाली त्याला! दुःखात माणूस काहीही बोलतो. ते धरून बसायचं?

गोळी घेतली नाही. चंदर बूट घालून दारात उभा होता. कूस बदलली.

१२ फेब्रुवारी

दुपारी फॅक्टरीच्या स्टोअरमधल्या दशरथच्या डब्यातला सुका बांगडा खाल्ला. दोन तुकडे. नंतर दोन बिड्या. झकास!

सुगंधा जेवत नाही, नुसती वाढते. नाही जेवली तर नाही.

१३ फेब्रुवारी

पुन्हा बांगडा. चव आली नाही. दशरथ म्हणाला, "आता पुरे रे अनंता, मला वहिनी शिव्या घालतील." म्हणजे यालासुद्धा माहीत होतं!

१५ फेब्रुवारी, रविवार

काल जिना चढताना डोकं ठणकायला लागलं. कठडा धरून उभा राहिलो. छातीत धडधड. वडील आठवले. कुणाला हाक मारली नाही — मारणार कुणाला?

आज डॉक्टरांना जाब विचारायला गेलो. म्हटलं, पेशंट मी की माझी बायको?

ते म्हणाले, "त्या म्हणाल्या मी सांगते. मी परत विचारलं नाही. चूक माझी."

मग दंडाला पट्टा गुंडाळला. एकशे ऐंशी, एकशे दहा. माझं कार्ड काढून दाखवलं. नोव्हेंबरात खोकल्यासाठी गेलो होतो तेव्हा एकशे अडतीस होतं. "पाच दिवसांत वाट लावलीत. गोळी अशी एकदम थांबवतात का? आणि नुसत्या गोळीने एवढं उतरलं नव्हतं परब. मीठ कमी, रोजचं चालणं, बिडी बंद — सगळं मिळून उतरलं. हार्ट अटॅकचा धोका त्यानेच कमी होतो. हे तुमच्याकडून कुणी करून घेतलं?"

बाही खाली केली आणि उठलो.

१६ फेब्रुवारी

गोळी स्वतः काढून घेतली. पट्टीतून. ती बाटली फेकून दिली.

२२ फेब्रुवारी, रविवार

चंदरबरोबर फिरायला गेलो. अर्धी वाट चालून झाली. मग विचारलं, "खोटं रडताना काही वाटलं नाही तुला?"

"खोटं नव्हतं रडणं," तो म्हणाला. "सिगारेट खोटी होती."

पुढे म्हणाला, "आजोबांसारखे झोपला असतात तर आम्ही काय करायचं?"

त्याच्याकडे बघवलं नाही. राग गेलेला नाही. सुगंधा आता हसली तरी वाटतं, हिच्या मनात काय असेल? आमटी अळणी लागते ती लागतेच, पण आधी त्यात माया लागायची. आता डाव लागतो. हे कसं भरून यायचं?

१ मार्च

सुगंधा म्हणाली, "आणखी किती दिवस हा राग?" मी म्हटलं, तू एक वर्ष घेतलंस. मला महिना तरी दे.

११ मार्च, बुधवार

चंदरला नोकरीच्या अर्जासाठी फिटनेस सर्टिफिकेट हवं होतं. त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, त्याला बाहेर बसवलं आणि मला आत बोलावलं.

"प्रेशर दोनदा घेतलं. एकशे बावन्न, शंभर. या वयात! तुमच्या घराण्यातच आहे. त्याला मी सांगू का तुम्ही सांगता?"

बी.कॉम.ची परीक्षा महिन्यावर आलीय. दाराच्या फटीतून दिसत होता — बाकावर पाय हलवत बसलेला.

"नको डॉक्टर," मी म्हटलं. "एवढ्यात नको."

बाहेर आलो. "काय म्हणाले, बाबा?"

"काही नाही. फिट आहेस."