अंधेरी ते मालाड, ढकलत

बाबा, तुमच्या उजव्या चपलेचा आवाज अजून ऐकू येतो. तिचा अंगठा तुटलेला होता, सुतळीने बांधलेला. त्यामुळे डावं पाऊल गुपचूप पडायचं आणि उजवं चट्ट करून वाजायचं. त्या दिवशी अंधेरीहून मालाडपर्यंत तो आवाज माझ्या मागे होता. तुम्ही जाऊन तीस वर्षं झाली, तेव्हाच्या तुमच्यापेक्षा आता मीच म्हातारा आहे, तरी दुपारी डोळा लागता लागता तो येतो, चट्ट, आणि मी जागा होतो.

तुमची गिरणी बंद पडून तुम्ही घरी बसलात, त्याच्या पुढच्या वर्षी माझ्या मोटरसायकलचा नंबर लागला. बुकिंग करून किती वर्षं वाट बघितली होती. कार्ड आल्यावर दोन दिवस मी ऑफिसात असून नसल्यासारखा. शाळेपासून मला कवितांचं वेड, तुम्हाला माहीतच आहे; पाठ्यपुस्तकातले सगळे घोडेस्वार त्या दोन दिवसांत मीच होतो. गाडीचा अनुभव म्हणाल तर मित्राच्या स्कूटरवर मैदानात मारलेल्या चार फेऱ्या. तुम्ही धुतलेला सदरा घालून, पिशवीत नारळ, लिंबं आणि झेंडूचा हार घेऊन अंधेरीच्या शोरूमला आलात. पूजा इथेच उरकू म्हणालात, तर मी म्हटलं, नको, घरी, सगळ्यांसमोर. मला स्वार होऊन गल्लीत शिरायचं होतं.

तुम्ही मागे बसलात. माझ्या खांद्यावर तुमचा हात, भार न टाकता ठेवलेला. जोगेश्वरीच्या अलीकडे घोडबंदर रस्त्यावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद. किका मारून मारून माझी पोटरी भरून आली. मागून टेम्पोवाला ओरडतो, "ओ हिरो, बाजूला घे ना." बसस्टॉपवरची माणसं हसतात. तुम्ही गिरणीत मागांची दुरुस्ती करण्यात जन्म घालवलेला माणूस. वाकून बघता, टाकीखाली बोट दाखवता. "अरे, ही चावी कसली? आडवी आहे बघ. फिरवून बघू?" आणि मी, त्या सगळ्यांदेखत म्हणतो, "तुम्हाला काय कळतं यातलं? ही गिरणी नाहीये. हात लावू नका."

तुम्ही हात मागे घेतलात. धुतलेल्या सदऱ्याला पुसलात, जसा काही तो मळला होता. मग म्हणालात, "बरं. तू हँडल धर, मी मागून ढकलतो."

ऊन डोक्यावर. गोरेगाव आलं, गेलं. मी एकदाही वळून बघितलं नाही. चट्ट, चट्ट येतच होतं. मध्येच तुम्ही म्हणालात, "ती शाळेतली कविता म्हण ना रे, घोड्याची. वाट सरेल." सातवीत मी ती बक्षीस समारंभात म्हटली होती आणि तुम्ही रात्रपाळी करून तसेच येऊन मागे उभे राहिला होतात. मी म्हटलं, "आठवत नाही." बाबा, ती मला आजही पाठ आहे.

गल्लीच्या तोंडाशी तुम्ही थांबलात. "हार कोमेजला, नवा घेतो. तू हो पुढे, आलोच." तुम्ही फुलवालीकडे वळलात तसं मी इकडेतिकडे बघितलं आणि खाली हात घालून ती चावी उभी केली. दुसऱ्या किकला गाडी सुरू झाली. पेट्रोल बंद होतं, एवढंच. शोरूमवाल्याने सांगितलंही असेल, माझं लक्ष कुठे होतं. त्याच क्षणी तुम्हाला हाक मारायला हवी होती. पण मग तुमचंच बरोबर होतं हे तुमच्या तोंडावर दिसलं असतं. नसतंही दिसलं कदाचित, तुम्ही तसे नव्हतात. मी गिअर टाकला. इंजिनच्या आवाजात चपलेचा आवाज बुडाला.

चाळीत सगळे बाहेर आलेले, आई आरतीचं ताट घेऊन पुढे. तिचा पहिला प्रश्न, "बाबा कुठायत?" माझ्या तोंडून सहज निघालं, "मागे बसायला घाबरले. चालत येतायत." सगळे हसले. मीही.

तुम्ही आलात, घामाने निथळत, हातात ताजा हार. शेजारच्या खोलीतले मालवणी काका कठड्यावरून म्हणाले, "काय वो, झिलाच्या गाडयेक भियालात?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत, एकदाच. मग हसून त्यांच्याच बोलीत घाबरल्याची कबुली दिलीत, "होय तर. भियालंय." चाकाखाली लिंबं ठेवायला वाकलात तेव्हा तुमचा हात टाकीखाली गेला, उभ्या चावीवर अंगठा जरासा टेकला आणि निघाला. म्हणजे तुम्हाला तिथेच कळलं. पुढे कितीतरी वर्षं चाळीत ती थट्टा चालली, तुम्ही कधी खोडून काढली नाहीत. मी तर नाहीच. आणि घाबरणाऱ्या माणसाला मागे बसवलं तर लोक काय म्हणतील, म्हणून तुम्हाला पुन्हा कधी गाडीवर नेलं नाही. एकदा तुम्ही विचारलंत, "खारदांड्याला समुद्र बघून येऊ या का, तुझ्या गाडीवर?" मी म्हटलं, "बसने जा, बरं पडेल."

एवढं लिहिलं आणि बेल वाजली. भर दुपारी माझ्याकडे कोणी येत नाही. दारात नात, थेट बोरिवलीहून, केस कपाळाला चिकटलेले, हेल्मेट काखेत. "आजोबा, ओरडू नका हं. स्कूटर घेतली, आजच. नाक्यावर बंद पडली, तिथून ढकलत आणलीय. पप्पांना सांगू नका. खाली येता? तुम्हाला कळतं ना त्यातलं."

"मला नाही गं. माझ्या बाबांना कळायचं."

"कोण, पणजोबा? ते तर गाडीला घाबरायचे ना?"

तिने तुम्हाला पाहिलेलंसुद्धा नाही, बाबा. माझं खोटं मात्र तिच्यापर्यंत पोचलं. मी म्हटलं, "नाही. घाबरलो होतो मी." ती जिन्यात थांबलीय, पुढचं ऐकायला. हा कागद कवितांच्या जुन्या वहीत ठेवतो, पाठवायचा तरी कुठे, आणि चपला घालतो. ढकलायचीच झाली तर हँडल ती धरेल, मागे मी असेन.