आठवी कवडी

मु. सोनधुरा, बार्शीटाकळीजवळ
ता. १४ नोव्हेंबर १९६५

चि. सहदेवले पार्बताआजीचा जय भीम अन् पोटभर आशीर्वाद.

आमी इथं बरे आहोत. तू तिकडं अमरावतीले जेवतो का कचेरीतले आकडेच खातो, ते कळव. पत्र नेहमीप्रमाणे शेजारच्या डोमाजीची जमुना लिहून राहिली. मी तिले बजावलं, मी बोलते तसंच लिही, तुह्या सातवीचं व्याकरण माह्या तोंडात कोंबू नको. ती हसून राहिली. हसताना बरी दिसते, हे लिही म्हटलं तं लिहीत नव्हती. पत्रच बंद करते म्हटलं, तेव्हा लिहिलं.

तुही घंटा कशी आहे? बाया मले विचारतात, "बुढे, तुहा नातू मुंबईले तीन महिने राहून काय शिकला?" मी सांगते, हिशेबाच्या यंत्राले कवड्या खेळाले शिकवून आला. त्यायले खोटं वाटते. पण उन्हाळ्यात तूच तं मले ओसरीवर बसवून चारशे वेळा आठ कवड्या टाकाले लावल्या, अन् दर वेळी किती उताण्या पडल्या ते वहीत मांडलं. माहा खांदा आठ दिवस दुखला. तू म्हणे, मुंबईच्या सायबानं सगळ्यायले कोडं घातलं: यंत्रातून असे आकडे काढा, की त्यायची रास शाळेच्या घंटीसारखी दिसली पाहिजे, मधात उंच अन् दोन्ही कडेले उतरती. बाकीच्यायची रास भाकरीसारखी सपाट. अन् यंत्र इतकं बिनडोक, की एक कवडी घे, उताणी का पालथी पाहा, मोज, मग दुसरी घे, असं त्याले एकेक सांगा लागते.

पोळ्याले आला तेव्हा तू आकडे छापलेली गुंडाळी आणली, लुगड्याएवढी लांब. "आजी, घंटा जमली! पण तुही रास जराशी एका अंगाले कलत होती. शेवटी मी यंत्राले तुह्यासारखंच टाकाले सांगतलं." तेव्हा मी गुंडाळीचा कागद किती गुळगुळीत आहे, असं काहीतरी बोलली होती. असो.

पण बापा, तू आला काहून नाही? चाळीस वावरांत चौकट आखाची, तेवढी ज्वारी कापाची अन् तोलाची, हे पीकमोजणीचं सरकारी काम यंदा आपल्या गावात तुह्याकडंच आहे, असं कोतवाल सांगून गेला होता. जमुनेच्या मायनं, चतुराबाईनं, तुह्यासाठी अंगण सारवलं. मग निरोप आला, ताप आहे. पोळ्यापासून पाऊस नाही, कणसात दाणा धरला नाही. डोमाजीनं उभ्या वावरात ढोरं सोडून देल्ली. तू आला असता तं हे डोळ्यानं पाहून गेला असता.

जमुना विचारते, "माहाही जय भीम लिहू का?" लिही म्हटलं. तिचं अक्षर तिथं कसं गोल झालं, पाहून घे.

तुह्या वाटेकडं डोळे लावलेली,
आजी पार्बता
(अंगठा)


मु. सोनधुरा
ता. २१ जानेवारी १९६६

चि. सहदेवले जय भीम.

आमी बरे आहोत, असं लिहाची रीत आहे म्हणून लिहून घेतलं. तीन पत्रं गेली, तुहं उत्तर नाही. एवढा लांब ताप मी अजून पाह्यला नाही.

विहिरीले आता दोन दोर जोडा लागतात. सकाळी बाया बादली सोडतात, अन् खाली टेकल्याचा आवाज येईपर्यंत कोणी बोलत नाही.

तलाठ्यानं चावडीवर कागद वाचला. चाळीस वावरं, अन् प्रत्येक चौकटीतून निघालेली ज्वारी, किलोत. चार. पाच. चार. तीन. सहा. पाच. डोमाजीच्या वावराचे पाच. लोकं आधी हसले. मग तलाठी म्हणे, तुमचं गाव मधातलं निघालं, दुष्काळी नाही. मधातल्या गावाले खडी फोडाचं सरकारी काम नाही, स्वस्त धान्य नाही, वरून सरकारले सक्तीनं घालाची लेव्हीची ज्वारी द्या. तेव्हा हसणं थांबलं.

लेव्हीवाले डोमाजीच्या दारात आले. "कागदावर पाच आहे. लपवली कुठी?"

डोमाजी म्हणे, "सायेब, माह्या वावरात फक्त शेण निघालं. ते तोलाचं असंल तं चला."

त्यायले ते झोंबलं. अंगणातलं पेव उकरलं. आत बियाण्याची दोन पायली ज्वारी होती, तेवढी घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी डोमाजी सेमाडोहच्या जंगलात लाकूडतोडीले निघून गेला. पोचलो की चिठ्ठी धाडतो म्हणे. एकोणीस दिवस झाले. चतुराबाई पोस्टमनच्या वाटेवर जाऊन बसते, अन् तो दिसला की घरात येऊन दार लावून घेते.

मी त्या दिवशी चावडीवर मागं बसली होती. मले लिहिता येत नाही, पण ऐकून मोजता येते. बोटांवर मोजत गेली. चार अन् पाचाचा ढीग, कडेले एखाददुसरा. चाळिसात शून्य एकही नाही. निम्म्या वावरांत दाणा नाही, अन् कागदावर शून्य नाही! ही रास मी ओळखते, सहदेव. माह्याच हाताची आहे.

आता तुले न सांगतलेलं सांगते. माह्या आठ कवड्यायतली एक खोटी आहे. चाळीस वर्षांआधी तिच्या पोटात मी शिसं बसवलं. आठही पालथ्या पडल्या की डाव जाते, अन् माही नणंद मनकर्णा जिंकली की आठ दिवस टोमणे मारे. तेव्हापासून माही एक कवडी नेहमी उताणी, अन् डाव कधी गेला नाही. छप्पन साली नागपूरले आमी पंचशील घेतलं, खोटं बोलणार नाही म्हटलं. कवड्या घरी गाडग्यात होत्या, त्यायनं शील घेतलं नव्हतं. उन्हाळ्यात तू वही घेऊन बसला तेव्हाच सांगाले पाहिजे होतं. नातू हसंल म्हणून गप बसली. तू यंत्राले माही लबाडी शिकवली. अन् वावरात पाय न ठेवता, ताप सांगून, त्याच गुंडाळीतले चाळीस आकडे उतरवून देल्ले.

इथं जमुनेचा हात थांबला. मले म्हणे, "आजी, माह्या बापाच्या वावराचे पाच तुह्या गाडग्यातून निघाले?"

मी म्हटलं, "गाडगं माहं, पोरी. उतरवून घेणारा हात त्याचा."

ती उठून बाहेर गेली. मले वाटलं, आता येत नाही. बऱ्याच वेळानं तोंड धुऊन आली, टाक उचलला अन् म्हणे, "पुढं सांग." हेही तिनंच लिहिलं आहे. अक्षर पाहून घे.

दोन फेब्रुवारीले मोठा सायेब अकोल्याले कागदावर शेवटचा शिक्का मारणार आहे. मग वर्षभर काही हलत नाही. त्याच्याआधी ये. कडबा अजून वावरांत उभा आहे, पाहाले तेवढा पुरे. जिथं शून्य तिथं तुह्या हातानं शून्य लिही, अन् आधीचे आकडे कुठून आणले तेही सांग. नोकरी जाईल, मले समजते. तू नाही आला तं मी कवड्या घेऊन कलेक्टरच्या दारात जाऊन बसीन. पण बुढीच्या गोष्टीले शिक्का नसते. तुह्या सहीले आहे.

पाकिटात चिंधीत शिवून ती आठवी कवडी पाठवून राहिली. टाकून पाहा, पाहिजे तितक्या वेळा. उरलेल्या सात मी काल सकाळपासून टाकत होती. उन्हं उतरली तेव्हा सातही पालथ्या पडल्या. एकही उताणी नाही, असं माह्या हातून चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मी त्या उचलल्या नाही. अजून ओसरीवर तशाच आहेत.

मागं हसत हसत तुह्या लग्नाचं सुचवलं होतं. ते आता माह्या तोंडातून निघत नाही. जमुनेनंही आज विचारलं नाही, माहा जय भीम लिहू का म्हणून.

दोन तारखेपर्यंत तुहीच आजी,
पार्बता
(अंगठा)