चार नातवंडांबाबत खुलासा

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (गुडघे हल्ली साष्टांगाला तयार नसतात, परत उठवायला दोन माणसं लागतात, तेव्हा हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझी तब्येत ठीक असावी. नसली तरी तू ती कुणाला कळू देणार नाहीस, म्हणजे विचारून उपयोग नाही. पण विचारपूस न करता मुद्द्यावर येणारा माणूस एक तर वसुलीवाला असतो नाहीतर जावई, असं आई म्हणायची, म्हणून विचारलं. भावजींची रक्तदाबाची गोळी चालू असेल. भाची त्याच ऑफिसात असेल आणि त्याच साहेबाच्या नावानं बोटं मोडत असेल. तिची छोटी शाळेत जायला लागली असेल. माझं बरं चाललंय. तिसऱ्या मजल्यापर्यंत अजून जिन्यानंच जातो. पस्तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केलेला माणूस लिफ्टमध्ये शक्यतो पाय ठेवत नाही. आचारी लोकही आपल्या हॉटेलात जेवत नाहीत म्हणतात.

हे पत्र समेटाचं नाही, हे आधीच सांगतो. चार वर्षांपूर्वी छोटीच्या पहिल्या वाढदिवसाला तुमच्या इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्यांच्या मध्ये अडकली, आत भावजी, सहा पाहुणे आणि केक सव्वा तास होते, ही गोष्ट खरी. त्याच सकाळी ती लिफ्ट मीच घरचं काम म्हणून फुकट तपासून दिली होती, हेही खरं. आणि दार उघडल्यावर सगळ्यांच्या देखत मी, ‘लिफ्ट सहा माणसांची आहे आणि त्यातले दोन तर भावजी एकटेच होतात,’ असं म्हणालो, तेही खरं. (तेव्हा तीन पाहुणे हसले होते. त्यांची नावं तू अजून शोधत असशील.) त्यावर तू मला या घरात परत पाऊल टाकू नकोस म्हणालीस. मी टाकलेलं नाही. आपल्या घराण्यात दिलेला शब्द पाळायची पद्धत आहे, मग तो दुसऱ्यानं दिलेला का असेना.

तर मुद्दा असा, की गेल्या आठवड्यात पेपरात माझा फोटो छापून आला. तू पाहिला असशीलच. मागे जिराफाचे फक्त पाय, पुढे मी, माझ्या दोन्ही हातांना लोंबकळलेली चार पोरं, आणि खाली ओळ, ‘चार नातवंडांसह आनंदी आजोबा, प्राणिसंग्रहालयाच्या सर्व वयोगटांच्या मेळाव्यात’. त्या दिवसापासून मला सात फोन आले. आपल्या चुलत वहिनीनं, न सांगता लग्न उरकलं ते उरकलं, निदान पोरं झाल्यावर तरी कळवायचं होतं, असं सुनावून फोन ठेवला. सहासष्टाव्या वर्षी मी एकदम चार नातवंडांचा धनी झालो, मधली एक अख्खी पिढी गाळून, याचं कुणाला आश्चर्य वाटलं नाही. मी कळवलं नाही याचाच सगळ्यांना राग. तू फोन केला नाहीस. पण तुझ्या मनात भलतंसलतं येऊ नये म्हणून हा लेखी खुलासा.

आमच्या घरापासून दोन चौक पुढे प्राणिसंग्रहालय आहे. तिथे एक नव्या बाई आल्या आहेत. त्यांचं काम प्राण्यांकडे बघायचं नाही, माणसांकडे बघायचं आहे. म्हणजे लोकांनी तिथे यावं, रमावं, म्हणून दर रविवारी काहीतरी कार्यक्रम काढायचा. गळ्यात कायम शिट्टी असते म्हणून त्यांना सगळे शिट्टीबाई म्हणतात. (ती शिट्टी प्राण्यांसाठी नाही. प्राणी शिस्तीत असतात.) आधी त्यांनी मुलांसाठी कार्यक्रम काढले, तर आईबाप पोरांना आत सोडून बाहेर मोबाइलमध्ये डोकं घालून बसायचे. मग म्हाताऱ्यांसाठी काढले, तर सावलीच्या बाकांवरून दोन गट पडले आणि एकदा प्रकरण छत्र्या उगारण्यापर्यंत गेलं. शेवटी बाईंनी नियमच केला, की एका पासावर तीन वयं हवीत. एक दहाच्या खालचं, एक साठीच्या वरचं आणि एक मधलं. तिघांतलं एक जरी कमी असलं तरी फाटकातूनच परत.

झालं. आमच्या इमारतीत पोरं ढीगभर, आईबाप ढीगभर, आणि साठीच्या वरचा, आईवडिलांच्या वेळेपासून इथेच राहिलेला, हिंडताफिरता माणूस मी एकटा. बाकीच्यांचे आजी-आजोबा गावी, परगावी, नाहीतर सुनेशी पटत नाही म्हणून लेकीकडे. इतकी वर्षं जे लोक मला फक्त लिफ्ट अडकली की ओळखत होते ते आता जिन्यात थांबून, काका, चहा घेऊन जा, म्हणू लागले. अडला हरी कुणाचे पाय धरतो ते आपल्याला माहीत आहे. आपण त्या म्हणीतलं जनावर होऊ असं मात्र मला वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा मला नेलं दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी, त्यांच्या सात वर्षांच्या मुलीचा आजोबा म्हणून. कार्यक्रम होता ‘प्राण्यांची न्याहारी’. एका लांब पत्र्याच्या टेबलावर फळं आणि भाज्या मांडलेल्या, आणि सगळ्यांनी मिळून त्या चिरायच्या. माझ्या वाट्याला कासवाचा दुधी आला. मी सवयीप्रमाणे एकेक काप एकाच जाडीचा केला, तर तिथला रखवालदार म्हणाला की कासव नव्वद वर्षांचं आहे, त्याला घाईही नाही आणि हौसही नाही. मग भूक लागली म्हणून शेजारच्या ताटलीतलं एक केळं मी सोलून खाल्लं. ते माकडाचं होतं. त्याचं काही नाही, पण त्यात जंताची गोळी लपवलेली होती. नर्सबाईंचा चेहरा पांढरा पडला. प्राण्यांच्या डॉक्टरांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि सांगितलं की मात्रा पंधरा किलोच्या माकडाची आहे, काकांना काही होणार नाही, झाला तर फायदाच होईल. (झाला. तपशील पत्रात लिहिण्यासारखा नाही.)

दुसऱ्या वेळी पहिल्या मजल्यावरच्या औषधदुकानदारानं नेलं. त्याला जुळे मुलगे आहेत. तेव्हा ‘घुबडाशी ओळख’ होती. अंधाऱ्या खोलीत वीस मिनिटं अजिबात आवाज न करता बसायचं, म्हणजे घुबड आपणहून डोळे उघडतं. जुळे बसले, त्यांचा बाप बसला, मीही बसलो आणि पाचव्या मिनिटाला मला झोप लागली. माझं घोरणं तुला माहीतच आहे. त्या आवाजानं घुबडानं दोन्ही डोळे उघडले, मान पूर्ण वळवली आणि उरलेला वेळ ते फक्त माझ्याकडे बघत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शिट्टीबाईंनी, काकांना दर खेपेला घेऊन या, म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझ्या कामाला कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, त्यामुळे मी थोडा चढलो, हे कबूल करतो.

त्यामुळेच पुढचं सगळं अंगाशी आलं. मोठा मेळावा जाहीर झाला आणि नर्सबाईंनी विचारलं, मी हो म्हणालो. औषधवाल्यानं विचारलं, मी हो म्हणालो. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईंनी माझ्या विजारीची शिवण फुकट घालून दिली आणि मग विचारलं, म्हणजे नाही म्हणायची सोयच ठेवली नाही. एकच माणूस, तीन पास, तीन नाती. एका पासावर मी आईचे वडील, दुसऱ्यावर बापाचे वडील, तिसऱ्यावर सासरे. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मी कागद घेऊन बसलो. लिफ्ट एक आणि मजले तीन, हे माझं रोजचंच गणित. पाणघोड्याच्या तळ्यावर दहा वाजता, माकडघराच्या गोष्टींना दहा वीस, पंजांच्या ठशांच्या तंबूत दहा चाळीस, मधल्या चालण्याला प्रत्येकी चार मिनिटं. ओळख पटू नये म्हणून एका ठिकाणी टोपी, एका ठिकाणी चष्मा आणि एका ठिकाणी नुसतं डोकं, असं ठरवलं. (चष्मा नसताना मला काही दिसत नाही हे हिशेबात धरलं नव्हतं. माकडांच्या गोष्टी मी दहा मिनिटं भलत्याच कुटुंबात बसून ऐकल्या. ते लोक सभ्य होते, त्यांनी मला बिस्किटं दिली.)

एवढं करून वेळापत्रक पाळलं मी. ती दहा मिनिटं सोडली, तर कोणाचा आजोबा कुठे दोन मिनिटंसुद्धा कमी पडू दिला नाही. पण शेवटी शिट्टीबाईंनी शिट्टी मारली आणि जाहीर केलं की आता जिराफाच्या कुंपणापाशी सगळ्यांचा फोटो, प्रत्येक मुलानं आपापल्या आजी-आजोबांचा हात धरावा. हे कागदावर नव्हतं. चारही पोरं चार दिशांनी आली आणि चौघांनीही मलाच धरलं. पेपरवाल्यानं फोटो काढला आणि तो पुढे गेला. शिट्टीबाई मात्र थांबल्या. हातात तिन्ही पास. हे नक्की कोणाचे कोण, असं त्यांनी विचारलं. तिन्ही घरांची मोठी माणसं जिराफाकडे बघू लागली. शेवटी शिंपीणबाईंची सहा वर्षांची मुलगी पुढे झाली.

“हे आमच्या बिल्डिंगचे आजोबा आहेत,” ती म्हणाली. “एकच आहेत ना, म्हणून आम्ही सगळे पुरवून वापरतो.”

बाई हसल्या नाहीत. मला त्यांच्या खोलीत घेऊन गेल्या. लहानशी खोली, दाराशी चिखलाचे गमबूट, कोपऱ्यात चाऱ्याच्या गोण्या, पेनांच्या डब्यात मोराचं एक मोडकं पीस. मला वाटलं आता दंड होणार, किंवा फाटकावर माझा फोटो लावणार. मी बचावाची भाषणं तयार करत होतो, शिंपीणबाईंवर कसं ढकलता येईल तेही बघत होतो. बाईंनी पाणी दिलं आणि एकच विचारलं.

“काका, तुमचं स्वतःचं कुणी नाही का?”

“आहे,” मी म्हणालो. “पण आमचं बोलणं नाही.”

त्यांनी टेबलाच्या खणातून एक कोरा फॉर्म काढून माझ्यापुढे ठेवला, म्हणाल्या, पुढच्या खेपेला तुमची माणसं घेऊन या, नाहीतर येऊ नका, आणि बाहेर जाऊन शिट्टी मारायला लागल्या. मला अपमान वाटला. मग घरी आलो, जेवलो नाही, आणि तो अपमान नव्हता हे कळलं. तेव्हापासून चारही पोरं रोज दार वाजवतात आणि मी आतून, गुडघा दुखतोय, म्हणून सांगतो.

तर फोटोबाबतचा खुलासा इथे पूर्ण झाला. मला नातवंडं नाहीत, लग्न केलेलं नाही, आणि भाचीच्या लेकीची जागा मी कुणाला दिलेली नाही. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि भावजींना जे योग्य वाटेल ते.

तुझा,
धाकटा

ता. क. हे पत्र भावजींच्या हाती पडू देऊ नकोस. पडलंच तर घुबडापर्यंत वाचू दे.

ता. क. दुसरा. वरचा रद्द. भावजींना पुढचं मुद्दाम वाचून दाखव. त्या दिवशी लिफ्ट वजनानं थांबली नव्हती. दार नीट लागलंय हे लिफ्टला कळवणाऱ्या कॉन्टॅक्टचा एक स्क्रू मी सकाळी काढला आणि परत बसवायचा राहिला. संध्याकाळी घरी येऊन शर्ट काढला तेव्हा तो खिशात सापडला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, मी तर चारचौघांत भावजींचं पोट वाकडं ठरवलं. दुसऱ्याच दिवशी येऊन सांगायला हवं होतं. लाज वाटली. मग तू बोलत नाहीस याचा राग धरणं जास्त सोपं पडलं. चुकलो.

ता. क. तिसरा. तो फॉर्म या महिन्याच्या शेवटच्या रविवारचा आहे, सकाळी दहा. मचाणावर चढून जिराफाला पाला भरवायचा. मी तुम्हां सगळ्यांची नावं पेननं लिहून टाकली आहेत, भावजींचंसुद्धा. मचाणाला बाहेर पाटी आहे, ‘एका वेळी सहा जण’. आपण पाचच आहोत, आणि त्या पाटीविषयी मी तोंडातून अवाक्षर काढणार नाही.

ता. क. शेवटचा. फॉर्मात एकच रकाना रिकामा राहिला आहे. तीन फुटांच्या खालच्या मुलाला मचाणावर घेत नाहीत, म्हणून मुलाची उंची लिहावी लागते. छोटीचं नाव लिहिलं. वय पाच वर्षं दोन महिने, तेही न विचारता लिहिलं. उंचीपाशी पेन अडलं. मी पाहिली तेव्हा ती खुर्चीचा पाय धरून उभी राहत होती. खालच्या चारही पोरांची उंची मला तोंडपाठ आहे, आणि हिची माहीत नाही. पत्रानं कळवू नकोस. तिला घेऊन ये, मी मोजतो.